दाणा की तूस? गवताचे बी ओळखण्यापासून पेरण्यापर्यंत

गवताचे बी गोळा करू लागलेल्या माणसाची पहिली फसगत पोत्याच्या आकाराने होते. पोते तोंडापर्यंत भरलेले असते, पण उचलताना हाताला हलके लागते, आणि त्यातील चिमूटभर माल तळहातावर चोळून फुंकर मारली की बहुतेक सगळा उडून जातो. मागे दोनचार दाणे राहिले तर राहिले. बाहेरून बीसारखे दिसणारे, हाताला बीसारखे लागणारे आणि बी म्हणूनच विकले जाणारे ते तूस असते. त्याच्या पोटात दाणा भरला आहे की नाही, हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. गवताच्या बियाण्याचे सारे काम या एका प्रश्नाभोवती फिरते. कणीस केव्हा खुडायचे, माल कसा पाखडायचा, किती वजन पेरायचे आणि पेरलेले उगवले नाही तर दोष कुठे शोधायचा, या प्रत्येक ठिकाणी दाण्याचा हिशेब करावा लागतो. तुसाचे वजन धरून केलेला हिशेब हमखास चुकतो.

गवत कोणते आणि गवतासारखे कोणते

बोलीभाषेत गवत हा शब्द सैल वापरला जातो. गाजर गवत हे नावाने गवत असले तरी कुळाने सूर्यफुलाचे भाऊबंद आहे. लसूणघास ही शेंगवर्गातील वनस्पती आहे. आणि नागरमोथा दिसायला हुबेहूब गवतासारखा असला तरी तो लव्हाळ्याच्या कुळातला आहे. उलट ज्यांना कोणी गवत म्हणत नाही ते ऊस, बांबू, भात, गहू, ज्वारी आणि मका हे सगळे तृणकुलातले आहेत. या कुळात सुमारे १२,००० जाती मोडतात.

ओळखीसाठी प्रथम खोड दोन बोटांत धरून फिरवावे. लव्हाळ्याचे खोड बहुधा तीनधारी आणि आतून भरीव असते, त्याला पेरे नसतात आणि पाने तीन रांगांत निघतात. गवताचे खोड गोल किंवा किंचित चपटे असते, त्यावर फुगीर पेरे असतात, दोन पेरांमधील कांडे बहुधा पोकळ असते आणि पाने समोरासमोरच्या दोन रांगांत असतात. पानाचा खालचा भाग खोडाला म्यानासारखा वेढून असतो. हे म्यान आणि पाते जिथे जुळतात तिथे आतल्या बाजूला एक पातळ पापुद्रा किंवा केसांची ओळ दिसते, तिला जिव्हिका म्हणतात. फुलोरा नसताना गवताची जात ओळखायची असेल तर या जिव्हिकेइतकी भरवशाची खूण दुसरी नाही, म्हणून दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग खिशात असावे.

नाव पक्के होईपर्यंत बी गोळा करण्याची घाई करू नये. मुळासकट एक पूर्ण झाड, त्यावर उमललेला फुलोरा असताना, जुन्या कागदात दाबून वाळवावे आणि त्यासोबत जागा, तारीख, जमिनीचा प्रकार व झाडाची उंची लिहून ठेवावी. पुढे जाणकाराकडे ओळख पटवून घेताना वाळलेला नमुना उपयोगी पडतो. नुसत्या बियांवरून पुष्कळदा जात ठरत नाही.

तुसाच्या आत काय असते

गवताचा फुलोरा हा अनेक कणिसिकांचा बनलेला असतो. एका कणिसिकेच्या तळाशी साधारणतः दोन बाह्य तुसे असतात आणि त्यांच्या वर एक किंवा अनेक पुष्पके असतात. प्रत्येक पुष्पकाला पुन्हा स्वतःची दोन तुसे, त्यांतील बाहेरच्या तुसाला अनेक जातींत लांब ताठ कुसळ, आणि या दोन तुसांच्या कवेत पुंकेसर व बीजांडकोश अशी मांडणी असते. फलन झाले की बीजांडकोशाचा दाणा होतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हा दाणा नुसते बी नसून संपूर्ण फळ आहे, कारण फळाची भिंत आणि बियांचे आवरण एकमेकांना कायमचे चिकटलेले असते. गव्हाच्या दाण्याच्या टोकाशी जो खोलगट डाग दिसतो तिथे अंकुर असतो, आणि उरलेला बहुतेक भाग पिठाचा, म्हणजे अंकुराच्या शिदोरीचा.

फलन झाले नाही, फुलोऱ्याच्या वेळी पाणी तुटले, किडीने रस शोषला किंवा कणीस अकाली खुडले, तर तुसे जशीच्या तशी वाढतात आणि आत काहीच नसते. काही जातींमध्ये तर कणिसिकांच्या जोड्यांतील एक कणिसिका मुळातच वांझ किंवा केवळ नर असते. कुसळी आणि मारवेल यांच्या कुळशाखेत हे सर्रास आढळते. अशा जातीत उत्तम वर्षातही निम्म्या कणिसिका रिकाम्या असणे स्वाभाविक आहे, हे ठाऊक नसेल तर माणूस आपल्या वाळवणीला किंवा साठवणीला उगाच दोष देत बसतो.

कुसळाविषयी थोडे सांगायला हवे, कारण पुढे सफाईत सर्वांत जास्त त्रास तेच देते. कुसळीसारख्या गवतांचे कुसळ दोरासारखे पिळलेले असते. ओल लागली की पीळ उलगडतो, वाळले की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यामुळे खालचे टोकदार बी गिरमिटासारखे जमिनीत शिरते. टोकावरचे उलटे केस त्याला मागे सरकू देत नाहीत. १८७६ मध्ये फ्रान्सिस डार्विन यांनी या पिळाची यंत्रणा तपासून प्रसिद्ध केली होती. ती स्वतः पाहायची असेल तर एक कुसळ टेबलावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाकावा. ते मिनिटाभरात फिरू लागते. हीच करामत मेंढीच्या लोकरीत, कुत्र्याच्या कानात किंवा बैलाच्या तोंडात झाली तर जखम होते, म्हणून कुसळे पक्व झालेल्या गवतात जनावरे चारू नयेत.

कणीस केव्हा खुडावे

धान्याच्या पिकासाठी जे शब्द वापरले जातात तेच इथेही चालतात. गवत पोटरीत येते, निसवते, फुलोरा धरते, मग दाण्यात चीक भरतो, त्याचा हुरडा होतो आणि शेवटी दाणा टणक होतो. फुलोऱ्यापासून पक्व होईपर्यंत बहुतेक जातींना तीन ते पाच आठवडे लागतात. अडचण अशी की रानगवताची कणसे एकाच वेळी निसवत नाहीत, एकाच कणसातही वरच्या टोकाचे दाणे बहुधा आधी पिकतात, आणि पिकलेला दाणा झाडावर थांबत नाही, तो गळतो. गहू, भात, जव यांच्या बाबतीत माणसाने हजारो वर्षांत न गळणारी झाडे निवडत नेली, म्हणून शेतातले कणीस खळ्यापर्यंत पोचते. रानगवताने मात्र आपला जुना स्वभाव सोडलेला नाही. खुडणीला मिळणारा काळ त्यामुळे काही जातींत जेमतेम आठवडाभराचा असतो.

निसवल्यापासून दर दोनतीन दिवसांनी जाऊन पुढील चाचण्या कराव्यात. कणीस तळहातावर हलके आपटावे. एकही दाणा पडला नाही तर थांबावे, थोडे दाणे सहज पडले तर खुडणीची वेळ आली, आणि कणसाचे टोक आधीच उघडे पडले असेल तर उशीर झाला असे समजावे. नंतर निरनिराळ्या झाडांवरून २० ते ५० कणिसिका घेऊन प्रत्येक नखाने दाबावी. भरलेला दाणा कठीण लागतो, अपक्व दाण्यातून चीक येतो, आणि रिकामे तूस कागदासारखे दुमडते. बारीक बियांसाठी कणिसिका काचेवर पसरून खालून उजेड दाखवला की दाणा गडद ठिपक्यासारखा दिसतो व रिकामे तूस आरपार उजळते. शंभरात दहासुद्धा भरलेले निघाले नाहीत तर त्या जागेवर श्रम घालवू नयेत. शेजारच्या माळावर कदाचित चित्र वेगळे असेल.

बी पाण्यात टाकून बुडते की तरंगते हे पाहण्याची पद्धत कडधान्याला ठीक आहे. गवताला ती लावू नये, कारण तुसात अडकलेल्या हवेमुळे चांगला भरलेला दाणाही तरंगतो आणि पाहणारा सगळा माल फेकून देतो.

खुडणी, वाळवणी, पाखडणी

दव उडाल्यानंतर आणि वारा सुटण्याआधी खुडणी करावी. उंच गवताचे कणीस एका हाताने खाली वाकवून दुसऱ्या हाताच्या बोटांतून ओरबाडले की पिकलेले तेवढे हातात येते आणि कच्चे झाडावर राहते. चार दिवसांनी पुन्हा फेरी मारता येते. विळ्याने कणसे कापली तर काम लवकर होते, पण एकाच फेरीत पिकलेले आणि कच्चे एकत्र येते. हाताच्या कामाचा उरक वाटतो तितका कमी नसतो. जॅक हार्लन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात तुर्कस्तानात रानटी गहू हाताने आणि गारगोटीच्या पात्यांच्या विळ्याने गोळा करून पाहिला, तेव्हा तासाला किलोभर स्वच्छ दाणा मिळाल्याची नोंद त्यांनी केली आहे. बारीक दाण्याच्या गवतात हा आकडा अर्थातच पुष्कळ खाली येतो.

किमान ५० झाडांवरून थोडे थोडे बी घ्यावे आणि एका जागेवरील उपलब्ध बियांपैकी एक पंचमांशाहून अधिक उचलू नये, कारण त्या माळाला स्वतःच्या पुढच्या पिढीसाठी आणि पक्ष्यामुंग्यांनाही ते लागते. झाडांची संख्या मोठी ठेवण्याचे कारण आनुवंशिक विविधता हे आहे. अंजन गवतासारख्या काही जातींत बी फलनावाचून तयार होते आणि प्रत्येक रोप आईची हुबेहूब नक्कल असते. अशा जातीत तर एकाच ठोंबावरून पोतेभर बी घेतले तरी हाती एकच वाण येतो. अंगात लांब बाह्यांचे कपडे आणि नाकातोंडावर कापड असावे. गवताच्या धुळीने व परागाने ज्यांना दमा किंवा शिंका होतात त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवलेले बरे.

खुडलेला माल प्लॅस्टिकच्या पिशवीत तासभर जरी बंद राहिला तरी तो आतून तापतो, आणि या एका चुकीने जितके बी मरते तितके किडीने मरत नसेल. सुती कापडात किंवा गोणपाटात माल आणावा, घरी येताच सावलीत बोटभर जाडीचा थर करून पसरावा आणि पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ हलवावा. कच्च्या राहिलेल्या दाण्यांना देठातील उरलेले अन्न याच काळात मिळते, म्हणून कणसे देठासकट वाळवलेली चांगली. हाताला कुरकुरीत लागेपर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस जातात.

मळणीसाठी लहान लॉट असेल तर कणसे खडबडीत रबराच्या चटईवर ठेवून हाताने चोळावीत. मोठ्या ढिगाला काठीने झोडपावे. कुसळे मोडण्यासाठी माल पूर्ण वाळलेला आणि हवा कोरडी असावी लागते, कारण दमट कुसळ वाकते, मोडत नाही. त्यानंतर दोन चाळण्यांचे काम असते: मोठ्या छिद्राच्या चाळणीवर काड्या व पाने राहतात, आणि खाली पडलेला माल बारीक चाळणीवर घेतला की माती व धूळ निघून जाते. शेवटी सूप. मंद वाऱ्यात उफणताना जड दाणा पायाशी आणि रिकामे तूस दूर पडते. पण मधल्या पट्ट्यात दोन्ही मिसळलेले असतात, म्हणून तो पट्टा वेगळा गोळा करून पुन्हा पाखडावा. शेड्यासारख्या किंवा अंजनासारख्या केसाळ बियांचे एकमेकांत गुंतून गोळे होतात आणि सूप चालत नाही. अशा बियांचे सर्व तूस काढण्याचा हट्ट धरू नये. पेरणीच्या वेळी ओलसर वाळूत मिसळले की काम भागते.

बियाण्याची परीक्षा आणि पेरणीचा हिशेब

इथे थोडे आकडे येतात, पण ते टाळून पुढे जाता येत नाही. गव्हाचे एका ग्रॅममध्ये साधारण २५ दाणे बसतात, तर हरळीचे तूस काढलेले दाणे ४,००० च्या आसपास. एका ग्रॅममागे बियांच्या संख्येत एवढा फरक असताना दोन्हींचे प्रमाण किलोत सांगणे निरर्थक आहे.

प्रथम शुद्धता काढावी. ढिगात वरून, मधून आणि तळातून घेतलेला १० ग्रॅमचा नमुना पांढऱ्या कागदावर पसरून त्यातील भरलेले बी एकीकडे आणि रिकामे तूस, काडी, माती व तणाचे बी दुसरीकडे करावे. भरलेले बी ४ ग्रॅम निघाले तर शुद्धता ४० टक्के. याच वेळी १०० बियांच्या आठ ढिगांचे वजन करून हजार बियांचे सरासरी वजन काढून ठेवावे.

मग उगवण. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय बीज परीक्षण संघटनेच्या पद्धतीत ४०० बियांची चाचणी घेतात. घरच्या कामाला २५ बियांचे चार गट पुरतात. थाळीत टिपकागदाचे दोनतीन थर ठेवून ते ओले करावेत, पाणी साचू देऊ नये, त्यावर बिया एकमेकींना न चिकटतील अशा मांडाव्यात आणि वरून पारदर्शक झाकण ठेवावे. बारीक गवती बियांना उगवणीसाठी प्रकाश व दिवसरात्रीच्या तापमानातील फरक मानवतो. प्रयोगशाळेत त्यासाठी १६ तास २० अंश व ८ तास ३० अंश सेल्सिअस असा क्रम पुष्कळदा ठेवतात. सातव्या दिवसापासून मोजणी सुरू करावी आणि जातीनुसार दोन ते चार आठवडे चालू ठेवावी. मूळ व कोंब दोन्ही नीट निघालेलेच रोप मोजावे. चारही गटांत फार तफावत आली तर मोजणीत किंवा ओलीत काही चुकले असे समजून चाचणी पुन्हा करावी.

शुद्धता आणि उगवण यांचा गुणाकार करून १०० ने भागले की शुद्ध जिवंत बियांचे प्रमाण मिळते. समजा, एका पोत्यातील मालाची शुद्धता ४० टक्के व उगवण ५० टक्के आहे, म्हणजे जिवंत बी २० टक्के. दुसऱ्याची शुद्धता ८० व उगवण ७५ टक्के, म्हणजे जिवंत बी ६० टक्के. आता एका ग्रॅममध्ये १,००० बिया असलेल्या गवताच्या चौरस मीटरला ३०० जिवंत बिया टाकायच्या ठरवल्या, तर हेक्टरला ३० लाख बिया, अर्थात ३ किलो शुद्ध जिवंत बी लागेल. पहिल्या पोत्यातून त्यासाठी १५ किलो माल काढावा लागतो, दुसऱ्यातून ५ किलो पुरतो. बियाणे विकत घेतानाही हाच हिशेब करून दर ताडून पाहावा. स्वस्त पोते अनेकदा महाग पडते. चौरस मीटरला २०० ते ५०० जिवंत बिया ही मर्यादा बहुतेक कुरणांना लागू पडते. उताराच्या, मुरमाड किंवा पाण्याची हमी नसलेल्या जागेवर वरच्या आकड्याकडे झुकावे.

सुप्तावस्था आणि साठवण

ताज्या बियांची चाचणी घेतली आणि शंभरात पाचच उगवली, तर बी मेले असा निष्कर्ष लगेच काढू नये. अनेक रानगवतांचे बी खुडल्यानंतर काही महिने झोपलेले असते, कारण पावसाच्या अखेरीस पडलेल्या बीने लगेच उगवून कोरड्या दिवसांत जळून जाणे त्याला परवडणारे नसते. ही झोप कधी अंकुराच्या आत असते, तर कधी घट्ट तुसामुळे. न उगवलेली बी चिमट्याने दाबून पाहावी. आत टणक पांढरा दाणा असेल तर ती झोपलेली आहे, मऊ, राखट, कुजकट असेल तर मेलेली आहे.

झोप मोडण्याचा सर्वांत सोपा आणि माझ्या मते सर्वांत चांगला उपाय म्हणजे वाट पाहणे. कोरड्या, साध्या तापमानाच्या खोलीत चार-सहा महिने ठेवलेले बी पुष्कळ जातींत आपोआप उगवणक्षम होते. घाई असेल तर काही दाण्यांचे तूस हाताने सोलून चाचणी घ्यावी, किंवा टिपकागद भिजवण्यासाठी पाण्याऐवजी लिटरला २ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेटचे द्रावण वापरावे. तीव्र आम्लाचा उपाय प्रयोगशाळेपुरताच ठेवावा. घरी तो करू नये.

साठवणीसाठी बियांतील ओलावा ८ ते १० टक्क्यांपर्यंत खाली आणावा. मापक नसेल तर काचेच्या कोरड्या बरणीत पाव भाग बी आणि दोन चमचे कोरडे बारीक मीठ घालून हलवावे व पंधरा मिनिटे ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा सुमारे १५ टक्क्यांहून जास्त आहे. ही चाचणी ढोबळ आहे: मीठ सुटे राहिले म्हणून बी दीर्घ साठवणीइतके कोरडे झाले असे नाही. बीजतज्ज्ञ हॅरिंग्टन यांचा नियम इथे कामाचा आहे: ओलावा ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान असताना तो १ टक्क्याने कमी केला की बियांचे आयुष्य दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरवले तरीही दुप्पट होते. म्हणून नीट वाळलेले बी घट्ट झाकणाच्या डब्यात, घरातील सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावे. न वाळलेले बी मात्र घट्ट डब्यात कधीही बंद करू नये. डब्याच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे नाव, जागा, खुडणीची तारीख, शुद्धता व उगवण लिहिलेली चिठ्ठी असावी. बाहेरची चिठ्ठी निघून पडते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

पेरणी

गवताची पेरणी फसते ती बहुतेक वेळा खोलीमुळे. दाण्यातून निघणारा पहिला कोंब एका बंद नळीसारख्या आवरणात असतो आणि हे आवरण जमिनीबाहेर आले की त्याचे टोक फाडून पहिले पान निघते. याच आवरणावर, कॅनरी गवताच्या रोपांत, चार्ल्स आणि फ्रान्सिस डार्विन या पितापुत्रांनी केलेले प्रयोग १८८० मध्ये प्रसिद्ध झाले. टोकावर टोपी घातली की कोंब उजेडाकडे वळत नाही, हे त्यांनी दाखवले. बारीक दाण्यातली शिदोरी इतकी थोडी असते की खोल गाडलेला कोंब उजेडात पोचण्याआधीच ती संपते. हरळी किंवा मारवेल यांसारख्या बियांवर अर्धा ते एक सेंटिमीटर माती पुरे, आणि केसाळ बी तर नुसते मातीला टेकवून दाबले तरी चालते.

जमीन भुसभुशीत करून मग हलकी दाबून घ्यावी. पाऊल टाकल्यावर टाच रुतत असेल तर माती अजून सैल आहे. आधी एकदा पाणी देऊन तण उगवू द्यावे आणि ते काढून टाकावे, कारण पहिल्या दोन महिन्यांत गवताचे रोप दोऱ्याएवढे असते व तणाशी त्याचा टिकाव लागत नाही. बियांच्या पाचपट ते दहापट ओलसर वाळू मिसळून मालाचे दोन समान भाग करावेत, एक भाग पूर्व-पश्चिम व दुसरा उत्तर-दक्षिण फेकावा, काटेरी फांदी हलकी ओढावी आणि पायाने किंवा रोळाने दाबावे. पहिले तीन आठवडे वरचा बोटभर थर वाळू देऊ नये. पाणी झारीने किंवा फवाऱ्याने द्यावे. पाटाचे पाणी बी वाहून एका कोपऱ्यात नेते. फुटवे फुटून रोपे जमीन झाकू लागेपर्यंत त्यात जनावर सोडू नये, आणि पहिल्या वर्षी शक्यतो नुसती कापणी करावी.

काही गवतांची पेरणी करण्यात अर्थच नसतो. लागवडीतील वाळ्याचे प्रकार बहुधा वांझ असतात, गवती चहा क्वचितच बी धरतो, आणि बाजरी व नेपिअर यांच्या संकरातून आलेले गवत गुणसूत्रांच्या तीन संचांमुळे वंध्य असते. पहिल्या दोघांचे ठोंब फोडून प्रत्येक तुकड्याला दोनतीन फुटवे व मुळे राहतील असे लावावेत. तिसऱ्याची दोन-तीन डोळ्यांची कांडी तिरपी रोवावी. या गवतांचे बी म्हणून कोणी पुडी देऊ केली तर ती घेऊ नये.

उपयोगानुसार कापणी

बी आणि चारा दोन्ही एकाच गवतातून उत्तम मिळत नाहीत. पोटरीतून निसवण्याच्या सुमारास पानात प्रथिने भरपूर असतात. दाणा भरू लागला की ती कणसाकडे जातात आणि खोड काष्ठमय होते. म्हणून कुरणाचा एक तुकडा बियांसाठी राखावा आणि उरलेले निसवतानाच कापावे. वाळवलेल्या गवताची गंजी लावताना ओलावा १५ टक्क्यांच्या वर नसावा. ओल्या गंजीत सूक्ष्मजीवांमुळे उष्णता साठते आणि ती स्वतःहून पेट घेऊ शकते. लावल्यापासून पहिले काही आठवडे मध्ये लोखंडी सळई खुपसून ती तापते का हे पाहत राहावे. ज्वारीवर्गातील कोवळे, पाण्याच्या ताणात वाढलेले गवत जनावरांना देऊ नये, त्यात हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. कणसात दाण्याच्या जागी काळपट जांभळी, शिंगासारखी गाठ दिसली तर ती अरगट बुरशीची असते. असा माल खाण्याला, चाऱ्याला आणि बियाण्यालाही बाद समजावा.

माती धरून ठेवण्यासाठी वाळ्याइतके उपयोगी गवत थोडेच असेल. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली, २ ते ३ मीटरपर्यंत जातात. समपातळी रेषेवर १० ते १५ सेंटिमीटर अंतराने ठोंब लावले की दोनेक वर्षांत सलग कुंपण तयार होते. वाहते पाणी त्यातून गाळून पुढे जाते आणि गाळ मागे साचतो. मध्ये एखादी फट राहिली तर सगळे पाणी तिकडे धाव घेते, म्हणून मेलेले ठोंब पहिल्याच वर्षी भरून काढावेत.

छपरासाठी गवत दाणा गळून खोड पूर्ण वाळल्यावर कापावे. हिरव्या खोडात साखर असते, तिला बुरशी व कीड लागते. पाणी आत मुरण्याआधी निथळावे यासाठी छपराचा उतार ४५ अंशांहून कमी ठेवू नये. सुगंधी गवतांचे गणित उलटे आहे: रोशा गवतातील जिरॅनिऑलयुक्त तेल फुलोऱ्याच्या काळात चांगले उतरते, तर सिट्रल देणारा गवती चहा फुलोऱ्याची वाट न पाहता वारंवार कापता येतो.

नवीन जात आणताना एक सावधगिरी पाळावी. अंजन गवत कोरड्या प्रदेशात उत्तम चारा देते. तेच चाऱ्यासाठी ऑस्ट्रेलियात आणि ॲरिझोनाच्या वाळवंटी भागात नेले गेले, तेव्हा तिथल्या मूळ वनस्पतींना हटवून पसरले आणि वणव्यांना इंधन पुरवू लागले. सहज उगवणारे, भरपूर बी देणारे आणि वाऱ्यावर पसरणारे परके गवत मोकळ्या माळाच्या कडेला लावू नये. त्या जागेच्या आसपास आधीपासून असलेल्या जातीचेच बी घ्यावे.

पाखडून उरलेले तूस फेकू नये. कितीही काळजी घेतली तरी त्यात शेकडा दोनचार भरलेले दाणे जातातच. तणाचे बी नसल्याची खात्री करून ते नव्या पेरणीवर पातळ पसरावे. पेरलेल्या बियांवर सावली राहते, पावसाच्या थेंबाचा मार कमी होतो, आणि सुपातून सुटलेले दाणे जिथे जायला हवे होते तिथे पोचतात. राहिलेला ढीग, ज्या माळावरून कणसे खुडली त्याच माळावर पहिल्या पावसाआधी उधळून यावा.